वरचं पाणी

एक. आलं स्वच्छ धुऊन घ्यावं.

हे नवरा फोनमध्ये बोलला, सगळ्या नातेवाइकांना पाठवायला. धुतलं होतं तिने.

ती स्टुलावर बसून बघत होती. कालपासून मुकी. आज दुपारी बसस्थानकावर उद्घोषिकेच्या नोकरीसाठी आवाजाची चाचणी, आणि घसा नेमका आताच बसलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. आल्याचा रस घेत राहा.

"तू बस. रस मी काढतो," नवरा म्हणाला होता. "त्यात काय एवढं?"

दोन. साल काढावी.

चमच्याच्या कडेने नुसती खरवडली तरी निघते ती. त्याने सुरी घेऊन लाकूड तासावं तशी तासली. ओट्यावर सालींचा ढीग झाला, हातात चिमूटभर आलं उरलं. ते किसताना त्याने बोटही किसलं. कीस पिळायला तिने मलमलचं फडकं पुढे केलं, ते त्याने बोटाला गुंडाळलं.

दोन, पुढे चालू. कीस फडक्यात पिळावा.

तिने दुसरं फडकं दिलं. त्याने कीस पिळला, मंत्र्याशी हात मिळवावा इतक्या हळुवारपणे. चोथा ओलाच राहिला. वाटीत थोडासा गढूळ रस पडला. थांब, निवळू दे, असं तिने हाताने सांगितलं.

"कळतं गं मला."

आणि तो खरंच थांबला. रस निवळला. वर मधासारखा स्वच्छ रस, खाली टाकायचा पांढरा साका. ती स्टुलावरून पुढे झुकली.

"बघ, खाली कसं सत्त्व बसलंय," तो म्हणाला, आणि वरचं पाणी त्याने मोरीत ओतून दिलं.

तीन. वरचं पाणी टाकून द्यावं.

हेही त्याने पाठवलं. फोनवर भराभर अंगठे उमटू लागले. मग तळाचा चुन्यासारखा साका खरवडून चमचा तिच्या तोंडासमोर धरला. "घ्या, मौनीबाबा. आवडला तर डोळ्यांनी सांगा."

डोळे केव्हापासून सांगत होते.

एक शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला. जुना, ठसठशीत, लग्नापासून जपलेला. पण घशात आवाज होता तो एवढासा, आणि तो या माणसावर उधळायचा? तिने शब्द गिळला. आल्यापेक्षा तो झोंबला.

चौथी पायरी कुणी बोललं नाही.

तिने ओट्यावरच्या साली गोळा केल्या, खलबत्त्यात कुटल्या, त्यात त्याचा ओला चोथा मिसळला. सगळं फडक्यात बांधून पीळ घातला. पेरं पांढरी पडली तरी पीळ घालतच राहिली. आधी थेंब, मग बारीक धार. साका खाली बसेपर्यंत तिने साडी बदलली. मग वरचा रस हळूच ओतून घेतला आणि घोटाघोटाने प्यायली.

तोवर नवऱ्याने आईला फोन लावला होता. "हो गं, मीच केला! थांब, तिलाच विचार." एका हाताने त्याने फोन तिच्या तोंडाशी नेला. दुसरा हात, बोटाला फडकं गुंडाळलेला, शाबासकी मागत असल्यासारखा पसरलेला.

"काय गं, कसा केलाय माझ्या लेकाने?" फोनमधून सासूबाई म्हणाल्या.

तिने त्या पसरलेल्या तळहातावर पिळून कोरडा झालेला चोथा ठेवला. पिशवी उचलली. दार उघडंच टाकून बाहेर पडली.

"काय म्हणाली रे?"

त्याने हाताकडे पाहिलं. "खूप आवडला म्हणतेय."

जिन्याच्या वळणावर ती थांबली. एकच शब्द. तेवढा करून बघायला हवा होता.

"प्रवाशांनी," ती म्हणाली.

कडेला किंचित खरखरला. पण आला.

वरून, उघड्या दारातून, नवऱ्याचा ठणठणीत आवाज येत होता. "छे गं आई, काही अवघड नसतं. किसायचं आणि पिळायचं. आपण उगाच या बायकांचं कौतुक करतो."