आजपासून बंद

बाटली शिंप्याच्या हातात होती आणि बायको दारात उभी होती. अस्तराच्या गठ्ठ्यामागे, नेहमीच्या जागी, ती त्याला बरोबर सापडली होती. अर्धी भरलेली. सकाळचे आठ वाजले होते.

खरं तर तो तोंड धुवायला गेला होता. तिथे आरशावर एक कागद चिकटवलेला दिसला. अक्षर त्याचंच. 'डॉक्टर म्हणाले, दारूने मेंदूतली नवं साठवायची जागा पोखरली आहे. जुनं आठवतं, कालचं राहत नाही. आणखी प्यायलो तर जुनंही जाईल. म्हणजे मशीन चालतंय, पण बॉबिनमध्ये दोरा नाही.' खाली त्याची सही.

हे कधी लिहिलं ते त्याला आठवेना. काल रात्रीच लिहिलं असणार, झोकून आल्यावर. कागदाचे कोपरे पिवळे पडले होते, चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढली होती. ओलीमुळे झालं असेल, असं त्याने ठरवून टाकलं. कारण शोधायला दारुड्याला कधी वेळ लागत नाही.

पण बॉबिनचं त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्यात दोरा नसला तरी मशीन दिवसभर खडखडतं. वरून शिवण झाल्यासारखी दिसते. कापड जरा ओढलं की सगळे टाके सुटून हातात येतात. त्याने आठवून पाहिलं. काल रात्री काय जेवलो? काही नाही. परवा कोण भेटलं? काही नाही. मुलगी झाली तो दिवस मात्र लख्ख होता, तिच्या पहिल्या झबल्याच्या मापासकट. उद्या तेही गेलं तर? पोर समोर येऊन उभी राहील आणि आपण विचारू, कोण पाहिजे? त्याचे पाय आपसूक अस्तराच्या गठ्ठ्याकडे वळले, कारण भीतीवर त्याला एकच औषध ठाऊक होतं.

एरवी बायको बाटलीवर झडप घालायची, बोलायची, रडायची. आज ती हातात चहाची गाळणी घेऊन नुसती उभी होती.

"बघतेस काय? हिसकावून घे ना!" तो ओरडला.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "तुम्हीच काय ते ठरवा."

त्याने झाकण उघडलं. मशीनवर मुलीचा शाळेचा युनिफॉर्म पडला होता, खालची पट्टी घालायची राहिलेली. सोमवारी शाळा उघडणार होती. पट्टीच्या जागी कापडाला सुईची भोकंच भोकं पडली होती. प्यायलेल्या हाताने वाकडं शिवलं असणार, मग उसवलं असणार, पुन्हा शिवलं असणार. त्याला स्वतःची किळस आली. एकच घोट घेतला तर हात स्थिर होईल, पट्टी सरळ येईल. वीस वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता.

त्याने डाव्या हाताने नाक गच्च दाबलं. वास आत गेला असता तर संपलंच होतं. मग डोळे मिटून त्याने अख्खी बाटली मोरीत उपडी केली, आणि तिथेच फरशीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.

"आजपासून बंद," तो म्हणाला. "तुला खोटं वाटत असेल. शंभरदा सांगितलं असेन."

"नाही वाटत खोटं," बायको म्हणाली. तिने हाताने त्याचं तोंड पुसलं आणि त्याला उठवून मशीनपाशी बसवलं.

दिवसभर तो जागचा हलला नाही. चारच्या सुमारास पट्टी पुरी झाली, दोऱ्यासारखी सरळ. युनिफॉर्मची घडी घालून त्याने मशीनवर ठेवली आणि थकून आतल्या खोलीत झोपी गेला.

साडेपाचला मुलगी ऑफिसातून आली. गळ्यातलं ओळखपत्र तिने खुंटीला अडकवलं, हातपाय धुतले आणि आपला शाळेतला जुना युनिफॉर्म मांडीवर घेऊन ब्लेडने पट्टी उसवायला बसली. हळूहळू, एकेक टाका. कापडात आता फारसा जीव उरला नव्हता.

"आई, दीड वर्ष झालं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "थेंबाला शिवले नाहीत बाबा. आणि रोज सकाळी तेच मरण. एकदा सांगून टाक ना त्यांना, की सुटली म्हणून."

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात." आई मोरीपाशी बाटली विसळत होती. "इतके खूश झाले, म्हणाले, सुटलीच आहे तर एक घोट घ्यायला काय हरकत आहे? गुत्त्याच्या पायरीवरून ओढत आणलं मी. मग एक दिवस बाटलीच ठेवली नाही, तर ती शोधायला बाहेर पडले."

मुलीने शेवटचा टाका काढला आणि युनिफॉर्म मशीनवर सकाळी होता तसा पसरून ठेवला.

आईने सकाळचा उरलेला कोरा चहा गाळून बाटलीत ओतला. अर्ध्यापर्यंत, रंग उजेडात धरून बघत. झाकण घट्ट लावून तिने बाटली अस्तराच्या गठ्ठ्यामागे नेऊन ठेवली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "उद्या सोडायला घरात काहीतरी नको का?"