कानडीतलं बोलणं

डॉक्टरबाईंची बोटं राजूबाईच्या डाव्या छातीवरून सरकत काखेजवळ आली, थांबली आणि परत मागं गेली. तिथंच पुन्हा दाबून पाहिलं. राजूबाईला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. पण अंगावरचं बोट का थांबलं, हे कळायला कान लागत नाहीत.

मराठी-कानडी सीमेवरच्या कमलनगरच्या समुदाय भवनात दिव्यांग बायकांसाठी छातीच्या कॅन्सरची तपासणी ठेवली होती. तयारी झकास होती. चाकाची खुर्ची चढावी म्हणून पायऱ्यांवर लाकडी उतार केला होता, उताराला झेंडूच्या माळा होत्या, आणि माळांपुढं उभं राहून पुढाऱ्यांनी फोटोही काढून घेतले होते. बहिऱ्या बाईशी बोलायचं कसं, हे मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दारातच सांगितलं, घरचं माणूस आत आणा. राजूबाईनं भाचीला, स्नेहाला आणलं. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, ओठ दिसायची सोय नव्हती. तरी ती निर्धास्त होती. स्नेहा बरोबर असताना तिला दुसऱ्या कुणाच्या ओठांची गरज कधी पडलीच नव्हती.

डॉक्टर मास्कआडून काहीतरी बोलल्या. स्नेहानं उत्तर दिलं. राजूबाईनं सवयीनं तिच्या ओठांकडं पाहिलं. एक शब्द उमगेना. स्नेहा कानडीत बोलत होती.

ओठ वाचायला राजूबाई लातूरच्या शाळेत शिकली, ती मराठीतून. कानडी ओठ तिला उमगत नसत, आणि घरात हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. भाऊ हणमंतराव आणि वहिनी सुशीलाबाई एरवी तिच्यादेखत मराठीत बोलत. तिच्यापासून काही लपवायचं झालं की जेवता जेवता कानडीत शिरत. मग राजूबाई आपली खाली मान घालून भाकरी मोडत बसायची. एकट्या स्नेहानं तसं कधी केलं नव्हतं. उलट आई-बाप काय बोलले ते मागाहून चुलीपाशी येऊन आत्याला सांगायची ती हीच.

डॉक्टरांना मराठी येत नसेल, राजूबाईनं स्वतःची समजूत घातली.

स्नेहा तिच्याकडं वळली. "काय न्हाई, आत्या. साधी गाठ हाय. ब्लाउज घाल, जाऊ."

"मग परत कामून दाबली?" राजूबाईनं हातानं विचारलं.

"सगळ्यांची तशीच बघत्यात." स्नेहाचे ओठ नेहमीसारखे सावकाश, नीट हलले. नजर मात्र जमिनीवर होती.

डॉक्टर दोघींकडं बघत होत्या. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मास्क खाली ओढला. बाई कलबुर्गीच्या, मराठी मोडकंतोडकं. पण एकेक शब्द तोंडभर बोलल्या.

"अक्का, नको का म्हणता? गाठ चांगली वाटत नाही. बीदरला यायला पाहिजे, लवकर. तुमची भाची सांगते, तुम्हाला भीती वाटते, तुम्ही येत नाही."

राजूबाईनं प्रत्येक शब्द वाचला. गाठ लागली त्या दिवशी तिनं स्नेहाचाच हात धरून तिथं ठेवला होता. शिबिराला चल म्हणून मागं लागली होती तीही राजूबाईच. आणि भीती वाटते म्हणे!

ती भाचीकडं वळली. स्नेहानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"माझं लग्न होऊ दे, आत्या. पुढच्या महिन्यात तर हाय. सासरच्या दुबलगुंडीकरांना कळलं तर मोडतील ते. आत्याला झालं, उद्या पोरीलाबी होईल म्हनतील. एकदा लग्न झालं की मीच नेते तुला बीदरला. देवाशप्पथ. घरात ठरलंय सगळ्यांचं."

सगळ्यांचं. म्हणजे भाऊ, वहिनी आणि ही. कधीतरी ताटावर बसूनच ठरलं असेल, राजूबाई समोर भाकरी मोडत असताना. भावानं लपवलं असतं तर तिनं गिळलं असतं. वहिनीनं लपवलं असतं तर नवलही वाटलं नसतं. पण ही? हिला दात आले तेव्हापासून राजूबाई हिचे ओठ वाचत आली होती. इतकं तिला जन्मात कधी लागलं नव्हतं.

बाहेरच्या माणसांपुढं राजूबाई तोंड उघडत नसे. तिचा आवाज कसाही वरखाली जातो, लोक हसतात, म्हणून वहिनीनंच तशी तंबी दिलेली. आज तिनं स्नेहाच्या हातातून आपले हात सोडवले आणि डॉक्टरांकडं तोंड केलं.

"मी येते. बीदरला. मला भीती न्हाई."

आवाज पडद्याबाहेर पार बाकांपर्यंत गेला असावा. पडदा सरकला आणि दोन-तीन बायकांनी आत डोकावलं. स्नेहाचा चेहरा पांढरा पडला. मग तिला रडू फुटलं.

ती लहान होती तेव्हा आत्यानं आपल्याकडंच बघावं म्हणून तिची हनुवटी धरायची आणि तोंड आपल्याकडं वळवून घ्यायची. आताही तिनं तसंच केलं. रडत रडत हनुवटी धरली, म्हणाली, "आत्या, माझं ऐक की गं."

राजूबाईनं तोंड वळू दिलं, आणि डोळे मिटून घेतले.