होडीच्या प्रसंगातला चेलो

हेमांगी बर्वे तरुणपणी सिनेमांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायच्या. त्यांचा एक पडलेला सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा कित्येक वर्षांनी त्या थिएटरात गेल्या, मुलीला मुद्दाम घेऊन. होडी किनारा सोडते तिथे एकटा चेलो वाजला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"केतकी, ऐकलास माझा चेलो?"

"मला बासरी ऐकू आली, आई. हल्ली यंत्र ज्याच्या त्याच्या मनासारखं संगीत त्याच्या खुर्चीत वाजवतं. मूळचं पुसून टाकलंय."

"मग मी ऐकला तोही माझा नव्हता?"

"नाही."

"आम्हा वादकांना न विचारताच पुसलं?"

"विचारलं होतं. तुझ्या वतीने मी सही केली. तुला कळणार नाही, असं वाटलं."

पायऱ्या अंधारात होत्या, तरी हेमांगीबाई तिचा हात न धरता उतरल्या.