माळढोकाचं अंडं

दुपारी तहसीलदार पाहणीला यायच्या आत माळ नांगरून झाला नाही, तर लिंबाजीला नव्यानं मिळालेला जमिनीचा पट्टा हातचा जाणार होता. आणि सकाळीच बिरू मेंढक्या बैलांपुढं आडवा झाला. त्याची मेंढरं याच गवतावर जगत.

“लिंबाजीदादा, फुडं माळढोकाचं अंडं हाय. वर्साला एकच घालती बिचारी. पाप कशाला घ्यायलास?”

लिंबाजीनं बैल थांबवले, वाकून अंड्याला हात लावला. दगडासारखं गार होतं.

“दया लय यायलीय की रं तुला! मंग उचलून इथं कशाला आणलंस?”

“मेंढरं कुठं नेऊ, दादा?”

लिंबाजीनं नुसतं ओढ्यापल्याड बोट केलं. तिथं माळढोकाची मादी उठून पायाखाली बघत होती आणि पुन्हा त्याच रिकाम्या जागेवर बसत होती.