बारा मिलिमीटरची फळी

दुकानदाराने काउंटरवर जाडी मोजायचे तीन कॅलिपर मांडले आणि तिने मनातल्या मनात पहिल्यावर बोट ठेवलं. साधा, पोलादी, बारीक रेघांचा. त्या रेघा बाबांना चष्मा लावूनही वाचता येणार नव्हत्या, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण होता.

कडेवरची लेक दुसऱ्या, काटा फिरणाऱ्या कॅलिपरकडे झेपावत होती. तिसऱ्यावर आकडे आपोआप उमटत.

"साधाच घ्या, बाबा. काटेवाल्याच्या दात्यांत भुसा अडकतो आणि आकडेवाल्याला सारखा सेल लागतो."

"सेल मी बदलीन," बाबा म्हणाले. "रेघा वाचायला माझे डोळे कोण बदलणार?"

दुकानदार हसला. तिला हसू आलं नाही.

आजवर बाबांचं सुतारकाम फूटपट्टीवर आणि अंगठ्यावर निभावलं होतं. पण घड्याळजीने चोवीस खणांचं कपाट सांगितलं होतं, आणि कुठलाही खण कुठल्याही जागी बसला पाहिजे, ही त्याची अट. खणांच्या फळ्या बारा मिलिमीटर म्हणजे बाराच. तेव्हा मोजायला नीट काहीतरी हवं, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं.

तिला नेमकी त्याचीच भीती होती. गेले कित्येक महिने बाबांच्या फळ्या जाड निघत होत्या. डोळ्यांना कळत नसे, बोटांना कळे. बाबांनी मात्र फार पूर्वीच सांगून टाकलं होतं की ज्या दिवशी हात थरथरेल, त्या दिवशी कारखान्याला कुलूप. बोलले की करणारे होते. कुलूप लागल्यावर हा माणूस किती दिवस काढेल, याचा विचार ती करत नसे.

म्हणून दुपारी बाबा नातीला घेऊन आतल्या खोलीत आडवे झाले आणि त्यांचं घोरणं सुरू झालं, की ती रंधा काढायची आणि एकेक फळी हलक्या हाताने उतरवून ठेवायची. उठल्यावर बाबांना काही कळत नसे.

खरं तर तो रंधा तिने कायमचा ठेवून दिला होता. लेक दोन महिन्यांची असताना, रात्र रात्र जागलेल्या डोळ्यांनी, तिने एका गिऱ्हाइकाची महागाची फळी नको तितकी पातळ करून टाकली. गेलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. माझा हात गेला, असं म्हणून तिने पॉलिशचा बोळा धरला तो धरलाच. बाबांनी समजूतही घातली नाही. आणि महिनाभरात त्यांचाच हात बिघडायला लागला. संकट काही एकटं येत नाही. रंधा तिने पुन्हा उचलला तो बाबांची झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून, आपला हात गेलाय हे पक्कं ठाऊक असताना.

बाबांनी आकडेवालाच घेतला.

घरी येऊन हात धुतले न धुतले तोच ते कालच्या फळ्या मोजायला बसले. ती न रडणाऱ्या लेकीला थोपटत मागे उभी राहिली. बाबा शाळेतल्या हजेरीसारखे आकडे वाचत होते. १२.०३. ११.९७. १२.०२. ११.९८. बारावी फळी झाली, बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि त्या थप्पीवरून हात फिरवला.

"हात शाबूत आहे," ते म्हणाले.

"मग! तो कुठे जातोय," ती म्हणाली. कालची दुपार कामी आली होती. महिनोन्महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला झालं. तिने लेकीचा गालगुच्चा घेतला.

"चला भोपळीबाई, डोळे मिटायची वेळ झाली," म्हणत बाबांनी नातीला उचललं. कॅलिपर बाकावरच राहिला. जाता जाता त्यांनी तो पेटीत घालून ठेवायला सांगितला.

घोरणं सुरू झालं. सकाळी बाबांनी काढलेल्या बारा नव्या फळ्या तशाच पडल्या होत्या. तिने रंधा काढला, पातं बोटाने पाहिलं. मग वाटलं, कॅलिपर हाताशी आहे, तर किती उतरवायचं ते एकदा मोजून तरी घ्यावं.

१२.५०.

दुसरी. १२.५०. तिसरी, १२.५१. चौथी पुन्हा १२.५०.

कॅलिपरच बिघडलाय, असं तिला वाटलं. तिने जबडा मिटवून शून्य केलं आणि बाराच्या बारा फळ्या पुन्हा मोजल्या. एकही साडेबाराहून पातळ नव्हती. एकही जाड नव्हती. थरथरणारा हात एकदा जास्त ठेवतो, एकदा कमी. इथे प्रत्येक फळीवर अर्धा मिलिमीटर लाकूड जास्तीचं होतं, नेमका अर्धा, तिने काल उतरवलेल्या फळ्यांपेक्षाही नेमकं.

ती रंधा हातात धरून तशीच उभी राहिली.

घोरणं थांबलं. आतून बाबांचा आवाज आला, दबका, बाळ उठू नये इतका.

"आज रंधा का वाजत नाही गं?"