आतला राउटर

सुमेधचे बाबा खडकीच्या घरात एकटेच राहायचे. रोज दुपारी चारला ते खुर्चीत बसून सुमेधने खोलीत बसवलेल्या कॅमेऱ्याकडे हात हलवायचे आणि फोनवर विचारायचे, "दिसलो का रे?"

"दिसलात की!" सुमेध हिंजवडीच्या ऑफिसातून म्हणायचा. खरं तर घरात एकामागे एक दोन राउटर होते, आणि चित्र घराबाहेर जाऊ देणारं पोर्ट फॉरवर्डिंग त्याने बाहेरच्या राउटरवरच केलं होतं. आतल्या राउटरवर करायचं राहूनच गेलं होतं. चित्र त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर सुमेधने बाबांच्या खोलीत बसून ते उरलेलं सेटिंग पुरं केलं. मोबाइलवर पहिल्यांदाच खोली दिसली.

समोरची खुर्ची रिकामी होती. मोबाइलमधल्या खुर्चीत मात्र बाबा बसले होते. वर धरलेला त्यांचा हात थकून थरथरत होता.

"आता तरी दिसलो का रे?"