वर्षापुढची मोकळी रेघ

तिनं लिहिलेल्या एक्केचाळीस सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या फायली तिला एका साच्यात बसवायच्या होत्या. प्रत्येकीत तिचं नाव, सुरुवातीचं वर्ष आणि त्यापुढे एक रेघ होती. वर्षापुढची रेघ माणूस हयात असेपर्यंत मोकळी ठेवायची, तो गेला की तिथं ते वर्ष लिहायचं, ही त्यांच्या ऑफिसातली पद्धत.

एका फायलीत मात्र रेघेपुढे यंदाचं वर्ष होतं.

“मेली कसली घाई झालीय लोकांना!” म्हणत तिनं ते खोडलं आणि तपासणी चालवली.

‘चाळीस फायली एकसारख्या. एक वेगळी.’

वेगळी होती ती आत्ताच दुरुस्त केलेली. बाकीच्या चाळीसही फायलींत रेघेपुढे यंदाचं वर्ष होतं.

शेजारच्या टेबलावरून मैत्रिणीनं विचारलं, “किती राहिल्या गं?”

“एकच.”

“मग तीही बाकीच्यांसारखी करून टाक की!”

तिनं कीबोर्डवरचे हात केव्हाच मागे घेतले होते. तरी त्या रेघेपुढे एकेक आकडा उमटू लागला.